नाव पुसलेले केसपेपर

“सांगा बघू बाई, ही माणसं कोण?”

सुहृदने छापून आणलेल्या कागदांचा गठ्ठा मोठ्या आनंदाने पुढे केला. सकाळपासून त्याने चहासुद्धा धड घेतला नव्हता.

समोर डॉ. कमलिनी रेगे बसल्या होत्या. खाडीकाठच्या त्या लहानशा इस्पितळात त्यांनी उभी हयात रुग्ण तपासले. सुहृद डॉक्टरी शिकला तो त्यांच्याच हाताखाली, मग संगणकाच्या नादाला लागून शहरात गेला. सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं, तसा तोही म्हणे.

“चष्मा आण,” बाई म्हणाल्या.

त्याने आणला. पण थांबतो कुठला!

“बाई, तुमचं अक्षर लागलं हो प्रोग्रॅमला! आम्हाला कधी लागलं नाही ते त्याला लागलं. अर्धं इंग्रजी, अर्धी मालवणी, सगळं वाचतो. इस्पितळातले सगळे जुने केसपेपर वाचून काढलेत त्याने. आणि काय सापडलं माहीत आहे?”

“काय?”

“‘संध्याकाळी पाय जड वाटतत.’ तुम्ही जागोजाग लिहून ठेवलंय. त्यातल्या कितीतरी जणांची मूत्रपिंडं पुढे निकामी झाली. दोन-दोन वर्षं आधी ते सांगत होते, बाई! सुटे सुटे कागद, कुणाच्या ध्यानात येणार? प्रोग्रॅमच्या आलं.”

बाई खुर्चीतून उठल्याच.

“दोन वर्षं आधी?”

“दोन वर्षं!”

“म्हणजे वाचवता आले असते...”

“पुढचे वाचतील! बंगळूरचे संशोधक वाट बघतायत. आज संध्याकाळी सगळे केसपेपर पाठवायचे. इस्पितळाचे विश्वस्त म्हणतात, बाईंनी हो म्हटलं तरच. आणि कुणाची अब्रू उघडी पडायची नाही. नाव, गाव, वय, फोन, दिसलं की प्रोग्रॅम काळी पट्टी मारतो. बघा ना. एक जरी ओळखून दाखवलात तर पाठवणार नाही. शब्द देतो.”

बाई पुन्हा बसल्या. एकेक कागद वाचू लागल्या.

वाचून झालेला कागद त्या टेबलावर ठेवत. मध्येच एखादा मांडीवर ठेवत, पालथा.

सुहृद येरझारा घालत होता.

“ओळखलंत कुणाला?”

बाईंनी आणखी एक कागद मांडीवर पालथा ठेवला.

“नाही ना! नाव सांगता येत नाही ना!” त्याने टाळीच वाजवली. “मग जिंकलो मी!”

बाई मांडीवरचे कागद घेऊन मागच्या पडवीत गेल्या. तिथे पाण्याचा बंब पेटलेला होता. त्यांनी एक कागद आत सारला. मग दुसरा.

सुहृद धावत मागे आला. “अहो, हे काय करताय?”

हातात एकच कागद उरला होता. बाईंनी तो क्षणभर तसाच धरला आणि त्याच्यापुढे केला.

सुहृदने त्यातला एकही केसपेपर स्वतः वाचला नव्हता. वाचायचं काम प्रोग्रॅमचं. आता पहिल्यांदा तो वाचू लागला.

नावावर काळी पट्टी. गावावर काळी पट्टी. वयावर काळी पट्टी. आणि खाली: ‘खाडीत होडी उलटली. सासरची सगळी गेली, ही एकटी वाचली. पोटुशी आहे. मूल नको म्हणते. कोणालाही कळू देऊ नये, अशी विनंती.’

होडी उलटली ते अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं. त्यातून वाचलेली ती एकटी कोण, तेही ठाऊक होतं. शिकाऊ असताना सुहृद तिच्याच खाणावळीत जेवला होता, आणि वाढताना तिने कधी हात आखडला नव्हता.

“बाई, ही तर आपली—”

बाईंनी झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला.

बंबात लाकडं तडतडत होती.

तिने जे फक्त बाईंना सांगितलं होतं, ते आता त्यालाही कळलं होतं. पुन्हा न कळल्यासारखं करायची काही सोय नव्हती. त्याचे कान गरम झाले. त्याने कागदाची घडी केली आणि आपल्या हाताने आगीत टाकली.

मग त्याने खिशातून फोन काढला. “आज येणार नाहीत केसपेपर,” तो बंगळूरच्या माणसाला म्हणाला. “कधी ते आत्ता सांगता येणार नाही... नाही, बिघाड नाही. मीच थांबवलंय.”

त्याने फोन खिशात टाकला. त्याचे डोळे पुन्हा लकाकले.

“बाई, मी उलटं शोधत होतो! नावं शोधत होतो. सगळ्यांच्या बाबतीत घडतं ते तसंच दिसू दे, एकाच माणसाच्या बाबतीत घडलं ते झाकायला हवं. उलटलेली होडी झाकायची. जड पाय तेवढे ठेवायचे. प्रोग्रॅमला शिकवता येईल हे, नक्की येईल! आजच बसतो.”

“बस,” बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. “ते पायांचं सोडू नकोस. फार मोलाचं आहे.”

तो निघालाच होता. दारात थबकला.

“पण बाई... टेबलावर राहिले ते कागद तर बरोबर आहेत ना? त्यांना नाही ना ओळखलंत?”

“मी नाही ओळखलं.”

त्या ‘मी’वरचा जोर त्याच्या ध्यानात आला. तो परत आत आला.

“म्हणजे दुसरं कुणी ओळखेल. मग मी तपासू कसं? ओळखणाऱ्याला दाखवलं तर गुपित फुटलं. नाही दाखवलं तर झाकलं गेलं की नाही ते कळणार नाही. विचारू तरी कुणाला?”

बाईंनी बंबातलं पाणी हाताने चाचपून पाहिलं.

“नाव पुसायच्या आधी,” त्या म्हणाल्या, “ज्याचं आहे त्याला एकदा त्या नावानं हाक मारून विचार.”