मुठीतली माळ

एका राज्यात, जिथे पाखरे माणसांशी बोलत आणि मांत्रिकांचा शब्द खाली पडत नसे, राजकन्या हेमलेखा दूरदेशी विद्या शिकून परतली. तिला वाटले होते, बाबामहाराज वेशीवर घोडा दौडवत सामोरे येतील. पाहते तर महाराज सिंहासनाला चिकटलेले!

"मांत्रिकाचा शाप, लेकी," महाराज म्हणाले. "म्हणाला, 'माळ राखशील तेव्हाच उठशील.' तेव्हापासून पूर्वजांची ही मोत्यांची माळ मुठीत धरलीय. तिच्यासाठी दगडी कोठारही बांधतोय. तरी बूड हलत नाही!"

हेमलेखेने शिकलेले सारे मंत्र म्हटले. सिंहासन नुसते करकरले. मग ती मांत्रिकाला शोधायला निघाली. गावाबाहेरच्या उजाड रानात डोंबारी चंडोल नावाचा एक चिमुकला पक्षी गात गात उंच चढला आणि धोंड्यासारखा खाली कोसळला.

"पाय आवर, शहाणे!"

"मांत्रिक कुठे भेटेल?"

"आधी माझी तीन कामं कर. माझं घरटं शोध."

ती झाड शोधू लागली. पक्षी हसला. "वर काय बघतेस?" तिच्या टाचेपाशीच, धोंड्याच्या आडोशाला, गवताच्या वाटीत ठिपकेदार अंडी होती.

"आता तो धोंडा न्यायला गाडी येतेय. परतव."

"कोठाराला हवाय, ताईसाहेब. राजाज्ञा," गाडीवान म्हणाला.

हेमलेखा धोंड्यावर ठाण मांडून बसली. "मग मलाही उचल." गाडीवानाने हसत बैल वळवले.

"शेवटचं. मी राहतो त्या जागेला काय म्हणतात?"

"रान?"

"छट्! लहानपणी इथं खेळायला यायचीस, तेव्हा काय म्हणायचीस?"

"माळावर जाते," ती म्हणाली, आणि तिचा आ वासलेलाच राहिला.

सायंकाळी तिने महाराजांना सारे सांगितले. ते खो खो हसले. "गवत-धोंडे काय राखायचे? ते काय पळून जातात?"

दुसऱ्या सकाळी हेमलेखेने ठरवले, आता बोलणे पुरे. तिने सिंहासन महाराजांसकट दगड वाहायच्या गाडीवर चढवले आणि गाडी माळावर आणली. चाक घरट्याशी आले, तसा चंडोल किंचाळला.

"थांबव रे! चाकाखाली अंडी आहेत!" म्हणत महाराजांनी मोती भिरकावले, खाली उडी टाकली आणि दोन्ही हातांनी चाक अडवले.

सिंहासन मात्र गाडीवरच राहिले.

कोठाराचे धोंडे माळावर परतले. आणि मोत्यांची माळ? ती राजकन्येने गाडीच्या बैलाला घातली. त्याला शोभली.