राज्यमार्गाच्या दुतर्फा चिंचा

बोरगव्हाणातून जाणारा राज्यमार्ग जेमतेम नऊ किलोमीटरचा, पण तो रुंद होणार म्हटल्यावर सगळी पेठ हातातली कामं टाकून धावली. रस्त्याच्या कडेला द्वारकाकाकूंची पिठाची गिरणी. इंजिनीअरने तिच्या भिंतीवर लाल फुली मारली आणि काकू हाताचं पीठ झटकत बाहेर आल्या. गिरणी पाडली तर खायचं काय?

समोर तात्यासाहेब बर्ग्यांचा बंगला. त्याच्या दगडी कुंपणाला मात्र रंगाचा थेंबही लागला नव्हता.

तात्यासाहेब काठी टेकत म्हणाले, "साहेब, हा रस्ता आजोबांच्या काळापासून माझ्या कुंपणाला लागूनच जातो. जागा घ्यायची ती पलीकडची घ्या. आणि काकू, रस्त्याचा इतिहास तुम्हाला काय ठाऊक? तुम्ही आपले जोंधळे दळा."

"दळतेच की," काकू पदर खोचत म्हणाल्या. "पण साहेब, एवढंच सांगा, पूर्वी रस्त्याला चिंचा एकाच बाजूने लावायचे का हो?"

"छे, दोन्ही कडांना. समोरासमोर," इंजिनीअर म्हणाला.

"मग ही माझ्या दारातली रांग बघा, आणि समोरची शोधा."

सगळ्यांच्या माना वळल्या. समोरच्या पाचही जुनाट चिंचा बंगल्याच्या आवारात उभ्या, आणि एकीला तर तात्यासाहेबांचा झोपाळा टांगलेला.

काकू म्हणाल्या, "आता तात्यासाहेबांनीच सांगावं. चिंचा चालत कुंपणाच्या आत गेल्या, की कुंपण चालत चिंचांच्या बाहेर आलं?"

पेठ खदखदून हसली. इंजिनीअरने ओल्या फुलीवर फडकं फिरवलं आणि रंगाचा डबा उचलून रस्ता ओलांडला.