दर्याला जेवू घालणारी आनशी

एकदा काय झालं, दर्याला भूक लागली. साधीसुधी नाही, बरं का! मासे गिळले, होड्या गिळल्या, तरी पोट भरेना. मग तो खाडीतून वर आला आणि कांदळवाडीची भातशेती खायला लागला.

कांदळवाडीत राहायची आनशी. म्हणजे तुमची पणजी. तेव्हा ती काही म्हातारी नव्हती हो! काळीसावळी, काटक बाई. काष्टा घट्ट मारलेला आणि कडेवर तान्ही पोर. ती पोर म्हणजे मी. मला त्यातलं काही आठवत नाही, पण आईनं इतक्यांदा सांगितलंय की सगळं डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटतं.

तर दर्यानं एका भरतीत बांध फोडला. खारं पाणी शेतात शिरलं आणि भाताची लोंबी न लोंबी करपली. लोकांनी गाठोडी बांधली. म्हणाले, "डोंगरावर जाऊ. दर्याशी कोण भांडणार?"

आनशीचा नवरा हरबा. तोही म्हणाला, "चल गो. जीव वाचला तर कुठंही पोट भरू."

आनशी म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं. या चिखलात माझ्या सासूनं लावणी केली, तिच्या सासूनं केली. मी इथून हलायची नाही."

हरबा काय करतो बिचारा? त्यानं गाठोडं खाली ठेवलं.

मग आनशीनं चिखलाचा बांध घातला. टोपल्या वाहून वाहून डोकं सोललं तिचं. भरती आली. दर्यानं जीभ काढली आणि गुळाच्या खड्यासारखा बांध चाटून टाकला.

मग तिनं चिखलात पेंढा तुडवला, खाली दगड बसवले आणि दुसरा बांध घातला. पुन्हा भरती आली. दर्यानं तोंड उघडलं आणि दगडांसकट बांध कडाकडा चावून खाल्ला.

आनशी चिखलातच बसली. रडली. चांगली मोठ्यानं रडली. मग पदरानं नाक पुसलं आणि विचार करायला लागली. हा रागानं येत नाही, भुकेनं येतो. भुकेल्यापुढं भिंत बांधली तर तो काय करणार? भिंतच खाणार!

घरात काय होतं? बियाण्याचं भात होतं, पण त्याला हात लावायचा नसतो. आणि मडक्याच्या तळाशी होते थोडे तांदूळ. आनशीनं ते सगळे धुऊन चुलीवर चढवले.

हरबा कळवळला. "अगो, तू उपाशी राहिलीस तर पोरीला दूध कुठून येईल?"

"आणि गावच राहिलं नाही तर पोर राहील कुठं?" आनशी म्हणाली. "धरा तिला."

पोर बापाकडे दिली. भातात मीठ घातलं, जरा जास्तच. भाताचं मडकं घेतलं, केळीचं पान घेतलं, पाट घेतला आणि फुटक्या बांधाच्या तोंडाशी नेऊन मांडला. मग पाटाच्या मागं उभी राहिली.

भरती आली. आणि त्या दिवशी लाट माणसासारखी उभी राहिली, बरं का! पांढऱ्या फेसाची दाढी आणि दाढीत खेकडे. ए, बहिणीचं पांघरूण ओढू नकोस, ऐक. दर्या गरजला, "बाजूला हो, पोरी!"

पाणी पोटरीला लागलं, मग मांडीला, मग कमरेला. पण पाय उचलले नाहीत तिनं. मडकं डोक्यावर धरलं आणि म्हणाली, "आधी बस. माझ्या दारी आलेला उपाशी जात नाही. पण ओरबाडून खायचं नाही. पाटावर बसून जेवायचं."

दर्याला आजवर लोकांनी नारळ दिले होते, शिव्याही दिल्या होत्या. पण 'बस, जेव' असं कुणी म्हटलं नव्हतं. तो गडबडला आणि बसला. तो बसला तसं पाणीही खाली बसलं.

आनशीनं वाढलं. तो म्हणाला, "आणखी." तिनं वाढलं. "आणखी." तिनं वाढलं. "आणखी." तिनं मडकं खरवडून वाढलं. शेवटचं शीत खाऊन दर्यानं अशी ढेकर दिली की खाडीतल्या होड्या गरगर फिरल्या.

मग तो उठला. "भात चांगला होता. आता शेत खातो."

"मीठ कसं होतं?" आनशीनं विचारलं.

"झकास होतं."

"मग खाल्ल्या मिठाला जाग."

दर्या खो खो हसला. "वेडी का काय तू? मीठ तर माझंच!"

"मीठ तुझं. पण रांधलं कुणी? वाढलं कुणी? इतकं मीठ पोटात घेऊन फिरतोस, कधी चवीनं खाल्लं होतंस का?"

दर्यानं रिकाम्या पानाकडे पाहिलं. दाढीतले खेकडेही वाकून बघायला लागले. मग तो हळूच म्हणाला, "नव्हतं खाल्लं. बाई, अडकवलंस मला."

"अडकवलं नाही, जेवू घातलं."

"आणि पुन्हा भूक लागली तर?"

"तर ये. पाट मांडीन. पण पाटाच्या अलीकडे पाऊल टाकायचं नाही."

दर्या मागं सरला. पार खाडीच्या पोटात गेला.

मग डोंगरावरून लोक परत आले. सगळ्यांनी मिळून बांध घातला, ठेवलेलं बियाणं पेरलं. जमिनीतला खार लगेच जातो थोडाच? पहिल्या वर्षी पीक हातभरही नाही आलं. पण आनशी हटली नाही, आणि तिच्याकडे बघून कुणीच हटलं नाही. हळूहळू शेतं पिवळीधमक झाली.

दरवर्षी नवं भात आलं की आनशी पहिलं पान बांधावर न्यायची. अंगात ताप असला तरी न्यायची. म्हातारपणी मांडी मोडली, तेव्हा आम्हाला म्हणाली, "खुर्चीत घाला आणि उचला मला." आणि बांधावर जाऊन स्वतःच्या हातानं वाढलं.

ती गेली तेव्हा भरतीची वेळ होती. आम्ही अंगणात रडत होतो. तेवढ्यात माझे बाबा म्हणाले, "ऐका." ऐकलं तर काही आवाजच नाही. भरती बांधापर्यंत आली होती आणि मुकी उभी होती. फेस नाही, लाट नाही. आम्ही आईला उचलून नेईपर्यंत भरती तशीच उभी होती. मग पाठ न दाखवता मागं मागं गेली.

आनशीची लेकरं पोटभर जेवली, त्यांची लेकरं पोटभर जेवली, सगळी सुखानं नांदली. तुम्हीही नांदा. गोष्ट गेली झोपायला, आता तुम्हीही डोळे मिटा बघू.