खिंडीचे दुसरे पत्र

एका राज्यात राजा वारला आणि गादीवरून त्याच्या दोन मुलांत युद्ध पेटले. कालपर्यंत एका पंगतीला जेवणारे सरदार दोन बाजूंना वाटले गेले. थोरल्याच्या बाजूने सुभानजी आणि माणकोजी हे दोन सेनापती लढत होते. दोघांच्या छावण्या एकाच डोंगराच्या अलीकडे-पलीकडे होत्या. जासूद घोड्यावरून त्यांची पत्रे पोचवत.

सुभानजी शूर होता, पण तितकाच मानी. एके दिवशी सकाळी त्याने डोंगरातली खिंड जिंकली आणि लगेच माणकोजीला लिहिले, "खिंड आमच्या ताब्यात आहे. उद्या निर्धास्त या."

दुपारी धाकट्याच्या फौजेने उलटून हल्ला केला आणि खिंड परत घेतली.

म्हातारे चिटणीस त्रिंबकपंत दौत घेऊन आले. "राव, दुसरं पत्र लिहायला हवं. जासूद आत्ता निघाला तर डोंगराला वळसा घालून संध्याकाळी पोचेल."

"सकाळी जिंकली म्हणून लिहिलं, आता गेली म्हणून लिहू? माणकोजी हसेल. उद्या पहाटेच खिंड परत घेतो. मग पहिलं पत्र खरंच ठरेल."

"आणि नाही घेता आली तर?"

सुभानजीने पंतांना जायची खूण केली.

पहाटे तो जिवावर उदार होऊन लढला. चढ उभा होता, वरून दगड कोसळत होते. ऊन तापले तरी खिंड हाती येईना. तेव्हा कुठे त्याने जासूद सोडला. तो पोचण्याआधीच माणकोजीची फौज पलीकडून खिंडीत शिरली होती. वाट आपलीच आहे म्हणून शिपायांनी ढाली पाठीला अडकवल्या होत्या. तीनशे माणसे पडली.

चार दिवसांनी सुभानजी माणकोजीला भेटायला गेला. माणकोजीचा हात गळ्यात बांधलेला होता.

"खिंड केव्हा गेली?" त्याने विचारले.

"पत्र लिहिलं त्याच दिवशी दुपारी."

"मग कळवलं का नाहीत?"

"तुम्ही हसाल, असं वाटलं."

"हसलो असतो," माणकोजी म्हणाला. "सगळेच हसलो असतो."

पुढे थोरल्याने गादी जिंकली. दरबारात सुभानजीला मानाची वस्त्रे देण्यात आली. ती त्याने घडीसुद्धा न मोडता परत केली.

तात्पर्य: आपण कळवलेली गोष्ट पुढे खोटी ठरली, तर त्यात कमीपणा नाही; पण ती खोटी ठरली हे लाजेपोटी वेळेवर न कळवणे म्हणजे आपल्यावर विसंबलेल्यांचा घात करणे.