म्हाळबा आधी धड पाय धरायचा

त्या दिवशी धुकं इतकं दाट होतं की घाटमाथ्यावरच्या मेंढ्या आपली कोकरं नुसत्या आवाजावरून हुडकत होत्या. लई जुनी गोष्ट. आज वाडीत जितकी घरं आहेत, तितकी माणसंही तेव्हा नव्हती.

म्हाळबा धनगर तिथला हाडवैद्य. कुणाचा पाय मुरगळला की तो आधी धड पाय धरायचा. एका हाताने नडगी दाबून धरायची, दुसऱ्याने टाच हळूच पुढे ओढायची. आतली शीर शाबूत असली की टाच जराशी सरकून अडते. प्रत्येकाची अडायची जागा निराळी. ती कळली की मग दुखरा पाय. तो अडलाच नाही, तर शीर तुटली. मग म्हाळबा एवढंच म्हणायचा, “बस.” माणूस चाळीस दिवस बसायचा. त्याचा शब्द कुणी मोडला नाही, असं म्हणतात.

त्या धुक्यातून शेजारचा सिदू लंगडत आला. तीन दिवसांपूर्वी तो मीठ आणायला घाट उतरला होता, आणि त्याच्यामागे त्याची बायको तानू बाळंत झाली होती.

“दादा, दरीपाशी घसरलो. बिगीनं बघा. पोराचं त्वांड बघायचंय.”

“दम खा. त्याला काय आजच मिशा फुटत न्हाईत.”

म्हाळबाने धड पाय धरला. तो गार लागला; गारठ्याने असेल, असं त्याला वाटलं. टाच ओढली. ती आली, येतच राहिली, कुठे अडलीच नाही. दुसराही पाय तसाच. जित्या माणसाचा एक तरी पाय अडतो. म्हाळबाला कळलं. असा माणूस उंबरा ओलांडून गेला, तर घरातलं सगळ्यात लहान सोबत नेतो, असं म्हणतात.

पायाविषयी तो कधी खोटं बोलला नव्हता. आजही बोलला नाही.

“बस.”

सिदू म्हाळबाच्या दारातल्या दगडावर बसला.

संध्याकाळी दरीत सिदूचं प्रेत मिळालं. त्याला माती दिली. सकाळी धुकं उतरलं, तर सिदू दगडावरच.

“दादा, किती दिस राह्यलं?”

म्हाळबा रोज टाच ओढायचा, मान हलवायचा. चाळिसावा दिवस उजाडला. दिलेला शब्द संपला. आता हा उठणार आणि घरी जाणार.

पण उठला तो म्हाळबा. त्याने सिदूला खांदा दिला, दोघं दरीकडे चालत गेले. धुकं विरलं तेव्हा दगड नुसता ओला होता. म्हाळबा पुन्हा दिसला नाही.

आजही त्या वाडीत धुक्यात कुणी लंगडत आलं, तर आधी धड पाय ओढून बघतात. तो अडल्याशिवाय उंबऱ्याच्या आत घेत नाहीत.

म्हाळबा कशाने उठला, ते तानूच पुढे सांगायची. त्या सकाळी ती लेकराला पोटाशी बांधून म्हाळबाच्या दारात आली नि म्हणाली, “दादा, मी रोज दाराआडून बघत हुते. पोराला म्या गच्च धरलंय. आता उठवा त्यास्नी. पर एकलं सोडू नगा, वाट चुकतील.”