पाण्याखालची हाक

एकदा एका तरुण मुलीने दिवस मावळताना वल्ह्याच्या मुठीला कान लावला आणि ती दचकली. आवाजाने दचकणारी माणसे आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. ही मुलगी आवाज आला नाही म्हणून दचकली.

तिची हकीकत थोडी मागून सांगायला हवी. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे मच्छीमारांचे एक गाव होते आणि त्या गावात एक वृद्ध तांडेल होते. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख, ज्याच्या शब्दावर सुकाणू वळते. या तांडेलांपाशी एक जुनी विद्या होती. लाकडी वल्ह्याचे पाते पाण्यात सोडायचे, मूठ कानाशी धरायची आणि श्वास आवरायचा. पाण्याखाली घोळ मासा असला की त्याचा आवाज लाकडातून वर चढतो. घोळ हा पुरुषभर लांबीचा, रुपेरी मासा. विणीच्या दिवसांत त्यांचे थवे खाडीच्या मुखाशी येत आणि सांजावले की बोलू लागत. लांबच्या घरी कोणी रिकाम्या पेटाऱ्यावर बोटे वाजवीत बसावे, तसा तो आवाज. तांडेल ऐकत, बोट उचलून दिशा दाखवीत, आणि गावाची जाळी तिकडे पडत.

पुढे तांडेलांच्या कानांवर वय चढले. विद्या कोणाला तरी द्यायला हवी, म्हणून त्यांनी आपल्या भावाची नात निवडली. गावाला हसू आले. मुलगी कॉलेज शिकलेली, समजूतदार, पण विलक्षण भित्री. कुकरची शिट्टी झाली की हातातले भांडे खाली ठेवी. मागून कोणी हाक मारली तर वळण्याआधीच तिच्या मनात येई, आपले काही चुकले का.

"तांडेल, हिला होडीत नेताय?" धर्माजी म्हणाला. गावातली सर्वांत मोठी बोट त्याची, आणि जीभ बोटीहून वेगवान. "टोपलीत कोलंबी उडाली तरी ही खाडीत उडी घेईल."

"जो दचकतो त्यालाच ऐकू येतं, धर्मा," तांडेल म्हणाले. "तुझ्या पुढ्यात ढोल बडवला तरी तू जेवत राहशील."

मुलगी शिकली. तापल्या तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज लहान कोलंबीचा, हे तिला कळू लागले. वाळू सरकते तेव्हा पाणी काय म्हणते, तेही कळू लागले. घोळींची भाषा तर तिला इतकी परिचित झाली की त्या बोलू लागल्या म्हणजे तिची धडधड शांत होई. म्हणून त्या वर्षी, हंगाम सुरू झाल्यावर, पहिल्याच संध्याकाळी तिने कान लावला आणि तडतड ऐकू आली, लांबच्या इंजिनांची घरघर ऐकू आली, पण घोळ नाही, तेव्हा जिन्याची शेवटची पायरी नसावी आणि पाय पोकळीत पडावा तसे तिला झाले.

किनाऱ्यावर बोटी खोळंबल्या होत्या. एक व्यापारीही येऊन बसला होता. तो दर हंगामाला शहरातून येई. त्याला माशाचे मांस नको असे, पोटातली हवेची पांढरी पिशवी हवी असे. मच्छीमार तिला बोत म्हणतात. वाळवलेला बोत परदेशी जातो आणि तिथे त्याचे सोने होते, एवढे गावाला ठाऊक होते. एका बोतात एखाद्याच्या घरावर कौले चढत, एखाद्याच्या मुलीचे लग्न उरकत असे.

"काही नाही," मुलगी म्हणाली.

"काही नाही कसं? कानात कापूस घालून बसतेस का गो?" धर्माजी म्हणाला. लोक हसले, पण ते हसणे अर्ध्यावरच थांबले.

पुढच्या संध्याकाळीही काही नव्हते. त्याच्या पुढच्याही नव्हते. बोटी वाट पाहून कंटाळल्या आणि सांजेला खुल्या समुद्राकडे, मिळेल ते धरायला जाऊ लागल्या. मग एके दिवशी खाडीच्या मुखाशी असलेल्या काळ्या खडकाच्या आतल्या बाजूला, बोटी निघण्यापूर्वीच्या थोड्याशा शांततेत, मुलीच्या कानाशी मूठ हलकेच थरथरली. टुक, टुक, टुक. थांबला. पुन्हा टुक, टुक, टुक. घोळ होता, पण एकटाच.

तिने वल्हे तांडेलांच्या हाती दिले. ते डोळे मिटून पुष्कळ वेळ ऐकत राहिले. आता दिशा दाखवायला बोट उठणार, असे तिला वाटले. पण म्हाताऱ्याने बोट उचलले नाही. वल्हे आत घेतले, होडीच्या तळाशी ओणवे होऊन हाताची मूठ वळली आणि फळीवर ठोकले. टुक, टुक, टुक. थांबले. पुन्हा ठोकले.

अंधार होईपर्यंत ते हेच करीत होते. किनाऱ्यावर धर्माजीने विचारले, "आज काय?" तर म्हणाले, "आज दमलो."

हा प्रकार रोज सुरू झाला. तांडेलांच्या बोटांची सालपटे निघाली. भित्र्या माणसाचे मन रिकाम्या जागी नेहमी वाईटच मांडते. मुलीला वाटले, आजोबांना वयाचा भ्रम झाला असेल. मग वाटले, भ्रम आपल्यालाच झाला असेल, आवाज नसेलच. शेवटी तिला राहवले नाही.

"आजोबा, हे काय करता?"

"ओ देतोय."

"कोणाला?"

"तो हाक मारतोय ना. इतके दिवस मारतोय, कोणी ओ देत नाही. कंटाळून निघून गेला तर? म्हणून ठोकतो. त्याला वाटू दे, कोणीतरी आहे."

"पण ते खोटं आहे. त्याला घोळ हवी आहे, आजोबा. तुम्ही नाही."

"खोटं कसं?" तांडेल म्हणाले. "मी आहेच की इथं."

तिने वल्ह्याला पुन्हा कान लावला. मग ती म्हणाली, "पुस्तकात आहे, हा आवाज नराचा असतो. मादीला बोलवायला. पोटातल्या हवेच्या पिशवीवर तो आपल्या स्नायूंनी थाप मारतो. ढोलकीसारखी."

तांडेलांचा हात थबकला. "कुठली पिशवी?"

"तीच. बोत."

त्यांनी आयुष्यात किती घोळी चिरल्या असतील. ते आपल्या तळहाताकडे पाहत राहिले, जणू तिथे अजून काही ओले चिकटलेले होते.

"म्हणजे व्यापारी मासा नेतच नव्हता," ते सावकाश म्हणाले. "हाक नेत होता."

इतक्यात खाडीतून बोटी निघाल्या. एकामागून एक इंजिने घुमत आली, पाणी फाटत गेले. मुलीने घाईने वल्ह्याला कान लावला आणि लगेच काढला.

"बोटी आल्या की तो ऐकू येत नाही. तुम्ही ठोकता तेसुद्धा नाही."

"तू हातभर अंतरावर आहेस. मग खोल पाण्यात जी वाट शोधत असेल, तिला काय ऐकू येणार?" तांडेल होडीच्या काठाला टेकून बसले. "पोरी, हाक मारणं म्हणजे काय? मी इथं आहे, एवढंच सांगणं. पण जो असं सांगतो, तो सोबत्याला सापडतो तसाच जाळ्यालाही सापडतो. हा गप्प बसला तर वाचेल. पण मग त्याच्यामागं कोणी उरणार नाही. म्हणून जिवावर उदार होऊन रोज बोलतो. समुद्र असा बोलण्यावर भरतो, बाय. आपण काय केलं? जो बोलला त्यालाच उचललं. आणि जे उरले त्यांच्या डोक्यावर एवढा गोंगाट केला की त्यांना एकमेकांचं ऐकू येईना."

"मग गावाला सांगा ना. तिन्हीसांजेला इंजिनं बंद ठेवा म्हणावं."

"मी तोंड उघडलं की जाळी पडतात, हे गावाला एवढं अंगवळणी पडलंय, की मी नको म्हटलेलं त्यांना ऐकू जाणार नाही. तू सांग."

"पण का बंद ठेवायची म्हणून विचारलं तर? घोळ आहे म्हणून सांगावं लागेल. सांगितलं की ते धरतील."

"धरतीलही."

"आजोबा, मला भीती वाटते."

"त्यालाही वाटत असेल," तांडेल म्हणाले, आणि होडी वळवली.

रात्रभर मुलीने मनात वाक्ये रचली आणि पुसली. सकाळी ती किनाऱ्यावर गेली तेव्हा रचलेले एकही वाक्य जवळ नव्हते. पुरुष जाळी शिवत होते. व्यापारी चहा पीत होता. ती मधोमध उभी राहिली आणि तिच्या तोंडून नुसते बाहेर पडले, "घोळ आहे. एकच आहे. काळ्या खडकाच्या आतल्या अंगाला."

सुया थांबल्या. व्यापाऱ्याने कप खाली ठेवला.

"कधीपासून?" धर्माजीने विचारले.

"पुष्कळ दिवस झाले."

"आणि लपवून ठेवलंस?"

"हो."

"लपवलंस ते लपवलंस, आता जागेसकट सांगतेस. कॉलेजात हेच शिकवतात का गो?"

या वेळी हसणे पूर्ण झाले. ते संपेपर्यंत मुलगी थांबली. तिचा आवाज विशेष कापला नाही. "तो मादीला बोलावतोय. बोटींच्या आवाजात तिला ऐकू जात नाही. दिवस मावळल्यापासून अंधार पडेपर्यंत खाडीच्या तोंडावर इंजिन बंद ठेवा. आणि त्याच्यावर जाळं टाकू नका. ती आली तर पुढं पिल्लं होतील. नाही आली तर आपल्या खाडीत हा शेवटचा."

"मुली," व्यापारी सौम्यपणे म्हणाला, तो काही वाईट माणूस नव्हता, "तुम्ही सोडलात तर पलीकडच्या गावचे घेतील. मासा तर वाचणार नाहीच."

हे खरे असू शकत होते. धर्माजीने जाळे मांडीवर ओढले.

"माझ्या पोरीचं लग्न माघात आहे," तो खाली बघून म्हणाला. "ते तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे, काका."

"माहीत असून सांगितलंस."

"हो."

त्याने सुई पुन्हा उचलली. ना हो म्हटले, ना नाही. मुलगी घरी गेली. आपण मासा मारला, असे तिला दिवसभर वाटत राहिले.

संध्याकाळी तांडेलांनी होडी काळ्या खडकाच्या थोडी अलीकडे, खाडीच्या मुखात उभी केली. पाण्यावर तांबडा उजेड होता. मुलीने कान लावला. तो होता. नेहमीच्याच जागी, नेहमीसारखाच, तीनदा बोलून थांबत होता.

मग खाडीतून बोटी निघाल्या. सर्वांत पुढे धर्माजीची. नाळेवर, बोटीच्या अगदी पुढच्या टोकाला, धर्माजी स्वतः उभा होता, आणि त्याच्या मागे मोठ्या डोळ्यांचे, रुंद छिद्रांचे जाळे टाकायच्या तयारीत रचून ठेवलेले होते. घोळीचे जाळे कोणते, हे गावातल्या पोराबाळांनाही कळते.

मुलगी उठून उभी राहिली. होडी डोलली. "धर्माजी काका," तिने हाक मारली. आवाज ओठांशीच विरला. जन्मात ती कधी एवढ्या लांबच्या माणसाला ओरडली नव्हती. तिने तांडेलांकडे पाहिले. ते होडी स्थिर राहावी म्हणून दोन्ही वल्ही घट्ट धरून बसले.

"धर्माजी काका!"

बोट तशीच येत राहिली. इंजिनाची घरघर आता पायाखालच्या फळीतून तिच्या बरगड्यांत शिरली. या आवाजात त्याला काही ऐकू जात नसेल, हे तिला कळले, आणि ते कळल्यावर मात्र तिच्या मनातली एक गाठ सुटली. तो आपल्याला नाकारीत आहे असे नाही. तिने ऊर भरून श्वास घेतला आणि पुन्हा हाक मारली. त्याचे नाव, मग थांबली. पुन्हा नाव, पुन्हा थांबली. काय मागायचे ते सकाळी मागून झाले होते. आता फक्त आपण कुठे आहोत एवढेच सांगायचे होते.

बोट होडीच्या जवळ आली तेव्हा धर्माजीने मान तिच्याकडे वळवली. त्याने एकदा जाळ्याकडे पाहिले, एकदा तिच्याकडे. मग मागे वळून त्याने हात वर केला आणि खाली आणला.

इंजिन खोकले, धडपडले आणि थांबले. त्याच्या मागचे बंद झाले. मग त्याच्याही मागचे. बोट आपल्याच वेगाने थोडी पुढे सरकली आणि मंदावली. पाणी लाकडाला लागत होते, तेवढा आवाज राहिला.

"ओ," धर्माजी म्हणाला. एवढ्या हळू आवाजात त्याला बोलताना गावाने कधी ऐकले नव्हते. "ओ, बाय. ऐकतोय."