लिंबू-मिरचीचा स्क्रू

नंबरप्लेटींवर स्क्रू उघड्या तोंडाने बसत, त्या काळची गोष्ट. एका टॅक्सीच्या पुढच्या प्लेटीवर एक पितळी स्क्रू होता. त्याला आपल्या चकचकीत डोक्याचा भारी तोरा! दर शनिवारी लिंबू-मिरची त्याच्याच गळ्यात, दसऱ्याला झेंडूची माळही त्यालाच. "बघ माझा मान!" तो प्लेटीला ऐकवायचा.

पण बांधणारा ओढायचा आणि सोडणारा हिसडायचा. त्या ओढाताणीत स्क्रूचं भोक मोठं झालं आणि एकदा ऐन घाटात प्लेट एका बाजूने लोंबकळली. "अरे, धर मला!" ती किंचाळली. स्क्रूने कसाबसा तग धरला.

गॅरेजवाल्या युनूसभाईंनी मागे पट्टी लावून स्क्रू पाठीमागून आवळला. "आता ओढा म्हणावं!" ते हसले. समोरून प्लेट कोरी करकरीत, स्क्रू कुठे दिसेना. तो हिरमुसला.

शनिवारी लिंबू-मिरचीवाला आला. त्याने प्लेट इकडून तिकडून चाचपली आणि शेवटी दोरा आरशाला बांधून निघून गेला.

"वाईट वाटलं का रे?" प्लेटीने हळूच विचारलं.

"थांब जरा," स्क्रू म्हणाला. "कुणीच ओढत नाही म्हणजे कसं वाटतं, ते आज पहिल्यांदा कळतंय."